माझ्या हनुवटीचा निकाल

होणाऱ्या सासूने मला पाठवलेली पहिली भेट म्हणजे केस घालवायचं मशीन. साडी नाही, पैंजण नाहीत, मशीन! आणि ते आलं तेही माझ्याच गाडीत, माजलगाव स्टँडवर, चाळीस पॅसेंजरांच्या देखत.

मी एसटीत कंडक्टर आहे, परळी डेपोला. त्या दिवशी परतीची फेरी होती आणि गाडी सुटायच्या बेतात होती. तेवढ्यात माझ्या होणाऱ्या नवऱ्याच्या, सोमनाथच्या, घरच्या जीपचा ड्रायव्हर धावत आला, दारातून एक खोकं आत दिलं आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "वैनी, ताराकाकूनं दिलंय. कुणाला दावू नका म्हन्ल्यात!"

झालं. पुढच्या चार बाकांवरच्या बायका वळून बसल्या. आमचे ड्रायव्हर उत्तरेश्वरभाऊ आरशातून बघत म्हणाले, "काय हाय ताई?"

"मिक्सर हाय," मी म्हटलं आणि बेल मारली.

सोमनाथशी माझी सुपारी फुटून महिना झाला होता. लग्नाची तारीख तेवढी धरायची होती. तो माजलगावला कॉलेजात क्लार्क. त्याचे वडील राधाकिशनमामा माजी सरपंच. धरणाचं पाणी आलं तेव्हा त्यांनी मेंढरं विकून ऊस लावला आणि तेव्हापासून ते घर मेंढरांचं नाव काढत नाही. आमच्या घरी सिरसाळ्याच्या अलीकडे वस्तीवर अजून साठ मेंढरं आहेत. माझे आबा, मुंजाजी, त्यांच्यामागे हिंडतात आणि त्यात त्यांना कसलाच कमीपणा वाटत नाही. आणि एक गोष्ट आताच सांगून टाकते, नंतर कुणी म्हणायला नको की हिला पोरगाच पसंत नव्हता. मला सोमनाथ आवडला होता. फोनवर तो शांतपणे बोलायचा, माझ्या गाडीतल्या गमती ऐकून पोट धरून हसायचा, ड्युटी संपली की पोचलीस का म्हणून विचारायचा. मला हे लग्न मनापासून हवं होतं.

अडचण होती ती माझ्या हनुवटीची.

सतराव्या वर्षापासून मला तिथे केस येतात. मऊ लव नाही, चांगले राठ, काळे. हनुवटीखाली आणि कानांच्या खाली दोन्ही बाजूंना. अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात तपासलं, हार्मोनचं आहे म्हणाले, गोळ्या दिल्या. पाळी सुधारली, केस राहिले. मसुराची डाळ लावून झाली, दोरा फिरवून झाला. शेवटी मायने चिमटा हातात घेतला. नऊ वर्षं दर तिसऱ्या दिवशी सकाळी आतल्या खोलीची कडी लावून माय माझे केस उपटते आणि मी दात आवळून बसते. आबांनाही समोर येऊ देत नाही. आमच्या घरात लोकरीला मोल आहे, फक्त माझी तेवढी फुकट जाते असं मी एकदा म्हटलं, तर माय चिडून दोन दिवस बोलली नाही.

त्याच हनुवटीवर मधोमध तीन ठिपक्यांचं गोंदणही आहे. सहा वर्षांची असताना जत्रेत मीच हट्ट करून काढून घेतलं. मायच्या हनुवटीवर होतं, मला तसंच पाहिजे होतं. सुई लागल्यावर एवढी रडले की गोंदणारी तिसरा ठिपका सोडून देणार होती, पण मीच म्हटलं, पुरं कर. मला ते अजूनही आवडतं. तिकीट घेताना म्हाताऱ्या बाया बोट दाखवून विचारतात, "कुण्या गावची गं तू?" आणि मग नातं काढत बसतात.

घरी खोकं उघडलं. आत पांढरंशुभ्र यंत्र, दिसायला केस वाळवायच्या ड्रायरसारखं. ते कातडीला टेकवायचं आणि बटण दाबायचं की लख्खकन उजेड पडतो आणि केसाचं मूळ जळतं. महिना दोन महिन्यांत केस यायचे कमी होतात. सासूचा, ताराबाईंचा, फोन आलाच. सुपारीच्या दिवशी कुंकू लावताना माझी हनुवटी त्यांच्या हाताला लागली होती.

"मिळालं का गं? घरच्या घरी कर. दवाखान्यात-बिवाखान्यात जायाचं न्हाई. तिथं बाया बसलेल्या असत्यात, उद्या बोभाटा हुतो. लग्नाला आमदार येनार, ड्रोन लावनार हाव आमी. तोंड कसं झालं पायजे!"

"हो आत्याबाई," मी म्हटलं. खरंच म्हटलं. मलाही ते केस नकोच होते. चिमट्याने उपटून उपटून मीही कंटाळले होते आणि सासूने लाजेकाजेने का होईना, उपाय पाठवला होता. मी मनातल्या मनात तिचे आभारसुद्धा मानले.

मशीनबरोबर इंग्रजी पुस्तक होतं. मी बीए झालेली आहे, सगळं वाचलं. पानावर कातडीच्या रंगाचे सहा चौकोन होते, पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत. शेवटच्यावर फुली होती. मी माझा हात पाचव्या चौकोनाशेजारी धरला आणि म्हटलं, बसतंय. शेजारी आणखी चित्रं होती, त्यात फुली मारलेला एक दंड होता आणि दंडावर गुलाबाचं फूल. ते टॅटूचं होतं, पुण्या-मुंबईची पोरं काढतात त्याचं. माझ्या हनुवटीवर जत्रेतलं गोंदण होतं, टॅटू थोडाच होता? मी पान उलटलं.

मशीन टेकवलं. लाल दिवा लागला. उजेड काही पडेना. पुन्हा टेकवलं, पुन्हा लाल. दंडाच्या आतल्या बाजूला, जिथे ऊन लागत नाही, तिथे टेकवलं तर लगेच पांढरा दिवा आणि लख्खकन उजेड. चेहऱ्यावर मात्र नाही म्हणजे नाही. पाच वर्षं एसटीच्या दारात उभी राहून भाजलेला माझा रंग त्याला पसंत नव्हता. पुस्तकात लिहिलंच होतं, कातडी फार गडद असली तर मशीन आपोआप बंद राहतं.

ताराबाईंना सांगितलं तर त्यांच्याकडे उत्तर तयार होतं. "उन्हात फिरती म्हून. दोन म्हैने रजा टाक. घरात बस, दही-बेसन लाव. उजळली की चालंल मशीन. तसं बी लग्नानंतर कुटं करायचीय नौकरी?"

हे मला नवीन होतं. बोलणी झाली तेव्हा नोकरी चालू राहील असं ठरलं होतं. मी सोमनाथला विचारलं, तो म्हणाला, "आईचं मनावर घेऊ नको, मी बघतो." मी त्याच्यावर विश्वास ठेवला. रजा मात्र टाकली नाही. यंत्राला माझा रंग चालत नाही म्हणून मी पगारावर पाणी सोडायचं?

मग मायने तिच्या परीने तोड काढली. तिचा बिचारीचा जीव टांगणीला लागला होता. आमच्यात मेंढरांची कातरणी निघाली की पहिल्या मेंढीवर आणि कातरीवर भंडारा टाकल्याशिवाय काम सुरू होत नाही. माय म्हणाली, "आपुन देवाचं नाव न घेता बसलो, म्हून ते चालंना." तिने मशीनला भंडारा लावला आणि माझी हनुवटी, गाल, सगळं हळदीने पिवळंधमक करून टाकलं. मी हसत होते.

मशीन टेकवलं आणि पांढरा दिवा लागला.

मायने हात जोडले. मीही खूश झाले, खोटं कशाला सांगू. यंत्राला हळदीचा पिवळा रंग दिसला आणि आपण गोऱ्या माणसावर बसलोय असं त्याला वाटलं, हे कळायला मला पुढे डॉक्टर लागली. मी कानाखाली दोन उजेड मारले, चांगलंच चरचरलं. पुस्तकात थोडं चरचरेल असं होतंच. मग हनुवटीच्या मधोमध धरून बटण दाबलं.

मी ओरडले ते मेंढरांच्या वाड्यापर्यंत ऐकू गेलं. आबा काठी घेऊन धावत आले, साप निघाला असं वाटलं त्यांना. हनुवटीवर तिन्ही ठिपक्यांच्या जागी तीन फोड टरारून वर आले होते आणि कानाखाली दोन लांबट चट्टे. माय पदर तोंडात घालून रडत होती. "माज्याच हातानं केलं गं मी," एवढंच म्हणत होती. मी तिच्यावर रागावले नाही. राग आला तो माझा मलाच, की पुस्तकातला तो फुलाचा दंड बघून मी पान का उलटलं.

दुसऱ्या दिवशी तोंडाला रुमाल न बांधता मी अंबाजोगाईला गेले. रुमाल घासला की आग होत होती, हे खरं कारण. तिथे खाजगी दवाखान्यात कातडीची डॉक्टर आहे वैष्णवी म्हणून, कडा गावची, माझ्याहून थोडी मोठी. आधी मलम दिलं, मग हळदीची हकीकत ऐकून तिने कपाळाला हात लावला.

"या उजेडाला फक्त काळं शोधायचं कळतं," ती म्हणाली. "केसाचं मूळ काळं, तुमची कातडी काळसर, गोंदणाची शाई तर सगळ्यात गडद. त्याला फरक कळत नाही, सगळ्यालाच चटका देतो. म्हणून तर मशीनने नाही म्हटलं होतं. तुम्ही त्याला फसवलंत."

"म्हणजे घरचं मशीन वाईट?"

"वाईट नाही. गोऱ्या कातडीला बऱ्यापैकी चालतं. तुमच्या रंगाला नको. आमचा लेझर वेगळा, तो वरच्या कातडीला कमी धरतो आणि खाली मुळाशी जातो. आधी कानामागे थोडा मारून बघायचा, मग चेहऱ्यावर. आठ-दहा वेळा यावं लागेल. आणि तुमचे केस हार्मोनचे आहेत, अधूनमधून परत येणार. कायमचे घालवतो असं कुणी म्हणालं तर समजायचं खोटं बोलतोय."

इतकं सरळ मला आजपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. मी तिथेच ठरवलं, इथेच करायचं, माझ्या पगारातून.

"दोन महिने जाऊ द्या, जखम पूर्ण बरी होऊ द्या," ती म्हणाली. "तोवर उपटायचे नाहीत. मूळच उपटलं तर लेझर धरणार काय? वाढले की छोट्या रेझरने काढायचे, आणि येण्याआधी सकाळी स्वच्छ दाढी करून यायचं."

"दाढी?"

"दाढीच. रेझर लावल्याने केस दाट होत नाहीत, ती अफवा आहे. आणि गोंदणावर मी पांढरं झाकण ठेवणार. त्याच्याखालचे चार-दोन केस राहतील. गोंदण काढायचा लेझरही असतो, हवा असेल तर सांगा."

"नको," मी म्हटलं. "ते राहू द्या."

ताराबाईंना हे कळलं तेव्हा फोन कानापासून लांब धरावा लागला. दवाखाना! सगळ्यांसमोर! आणि दाढी! मी फोड आल्याचं सांगितलं, त्यावर त्यांनी तूप लाव म्हणून सांगितलं, हे त्यांच्या बाजूने सांगते. मग म्हणाल्या, "बरं, जा मंग. पर तितं जातीयच तर ते हिरवं पन घालीव. मेंढक्याची खून तोंडावर घिऊन माझ्या दारात येऊ नको."

मला इतका राग आला की मी फोन ठेवून दिला. केस मला नको होते म्हणून मी ते काढणार होते. गोंदण मला हवं होतं. एवढी साधी गोष्ट होती, आणि ती ऐकून घ्यायला तिकडे कुणी तयार नव्हतं. सोमनाथ म्हणाला, "बघू आपण." आता त्याचं ते 'बघू' मला टोचायला लागलं.

दोन महिने गेले. जखम भरली, तीन ठिपके थोडे फिकट होऊन का होईना, शाबूत राहिले. लेझरचा पहिला नंबर रविवारी बाराचा मिळाला. आणि शनिवारी निरोप आला, उद्या सकाळी पाहुणे तारीख धरायला येताहेत.

"उद्याचा नंबर सोड," माय म्हणाली.

"न्हाई सोडत. पाहुणे नवाला येतील, दहाला जातील. मला साडेदहाची गाडी हाय."

"मंग ते कातरायचं आत बसून कर. कडी लावून."

आतल्या खोलीत उजेड नाही. नऊ वर्षं माय चाचपडत केस उपटायची, म्हणून कितीदा कातडीच चिमट्यात यायची. मला कापून घ्यायचं नव्हतं. आणि खरं सांगू? मला आत बसायचंच नव्हतं. सकाळी मी अंगणात बाज टाकली, खांबाला आरसा अडकवला, तांब्यात पाणी घेतलं, तोंडाला साबणाचा फेस लावला आणि बसले.

डावी बाजू झाली तोच जीप आली. सव्वाआठालाच. राधाकिशनमामा उतरले, सोमनाथ उतरला आणि मागून ताराबाई, जरीच्या साडीत, नारळाची ओटी घेऊन.

"अगं बया!" त्या जागीच थांबल्या. "वस्तरा! बाईमानसाच्या तोंडाला वस्तरा! आन् तो बी अंगनात!"

मी उठले. अर्ध्या तोंडाला फेस तसाच. "या आत्याबाई. बसा. माझं पाच मिंटात होतंय."

"आत हो आधी. रस्त्यावरून मानसं जायलीत."

"जाऊ द्या की. ती माझ्या गाडीतूनच जात्यात रोज."

आबांनी सतरंजी अंथरली, पण कुणी बसेना. सोमनाथ खाली बघत होता. त्याच्या जबड्यावर सकाळचा ताजा काप होता. मी त्यालाच विचारलं, "तुमी दाढी कुटं केली आज?"

"घरी," तो म्हणाला.

"आत का भाईर?"

"ओट्यावर."

"मंग मी केली तर काय बिघडलं?"

त्याने आईकडे बघितलं. ताराबाई पुढे आल्या आणि एकदम आवाज खाली आणून म्हणाल्या, "हे बघ पोरी, मी वैरीन न्हाई तुझी. मलाबी गोंदन हुतं हितं." त्यांनी स्वतःच्या हनुवटीवर बोट ठेवलं. मी पहिल्यांदाच नीट बघितलं, तिथे एक पांढुरका, सुरकुतलेला डाग होता. "ह्ये सरपंच झाले तवा मी बिब्बा लावून जाळलं. म्हैनाभर तोंडाला पदर लावून बसले. कुनी इचारलं न्हाई दुखतंय का म्हून. तुला तर डाक्टर मिळाली. तुला कावून जड जातंय?"

मला त्यांची दया आली. खरंच आली. पण दया आली म्हणून माझी हनुवटी त्यांच्या हाती देणं मला जमणार नव्हतं.

"तुमाला जाळावं लागलं, ते वाईटच झालं आत्याबाई," मी म्हटलं. "म्हून मीबी जाळू का? केस मला नको हायत, ते काढते. गोंदण पायजे, ते ठिवते. नौकरी करते. हे तिन्ही सांगूनच मी येनार तुमच्या घरी."

सोमनाथ शेवटी बोलला. "आई म्हणती तेवढं कर ना, योगिता. एवढंसं तर हाय ते."

"एवढंसं हाय तर राहू द्या ना."

तो पुन्हा खाली बघायला लागला. रोज ड्युटी संपल्यावर ज्याच्या फोनची मी वाट बघायची, तो हाच माणूस होता. मी आणखी थोडा वेळ वाट बघितली.

"मंग तारीख न्हाई," ताराबाई म्हणाल्या आणि आबांकडे वळल्या. "मुंजाजी, पोरगी तुमच्या ऐकन्यात न्हाई."

आबांनी फेट्याचं टोक सारखं केलं. "माझ्या ऐकन्यात मेंढरं हायत, विहीनबाई," ते म्हणाले. "ही कंडक्टर हाय. च्या झालाय, घ्या."

चहा कुणी घेतला नाही. आणि मग सगळ्यांनी बघितलं ते मायकडे. माझी माय सुंदरबाई पाया पडेल, रडेल, पोरीला आत ओढेल, असंच सगळ्यांना वाटलं. मलाही. या लग्नासाठी तिने उपास धरले होते. ती चुलीपुढून उठली, पदराला हात पुसत आली आणि माझ्या हातातून रेझर काढून घेतला. संपलं, माझ्या मनात आलं.

तिने तो तांब्यातल्या पाण्यात बुडवून झटकला.

"बस खाली," ती म्हणाली. "कानाखाली राह्यलंय. तुला तितलं दिसंना."

मी बाजेवर बसले. मायने माझी हनुवटी धरून वर केली, आणि माजी सरपंचांच्या देखत, भर अंगणात, माझ्या उजव्या कानाखालून रेझर सावकाश खाली आणला. ताराबाई तिथेच उभ्या होत्या, अगदी जवळ, बघत.

"विहीनबाई," माय मान वर न करता म्हणाली, "उजेड अडायलाय. जरा बाजूला व्हा."

ताराबाई बाजूला झाल्या.